एकविसावा रकाना

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी फाइल सोडली. १० वाजून ५७ मिनिटांनी तिच्या जागी दुरुस्त फाइल ठेवली. मधल्या ७८ मिनिटांत सुरू झालेल्या पडझडीत जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले.

हा घटनाक्रम त्या ७८ मिनिटांचा आहे आणि त्याआधीच्या १४२ दिवसांचा. घड्याळ भारताचे धरले आहे. फाइल निघाली तेव्हा कंपनीच्या गावी, टेक्सासमधल्या ऑस्टिनला, गुरुवारची रात्र होती आणि ११ वाजून ९ मिनिटे झाली होती. आपल्याकडे कचेऱ्या नुकत्याच उघडत होत्या.

बुधवार, २१ एप्रिल २०१०. चौदा वर्षे आधी

मॅकॅफी या अँटिव्हायरस कंपनीने ५९५८ क्रमांकाची व्हायरसयादी ग्राहकांना पाठवली. विंडोज एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकमधली एसव्हीसीहोस्ट ही विंडोजची स्वतःची फाइल त्या यादीने व्हायरस ठरवली. संगणकांनी ती काढून टाकली. नेटवर्क गेले, यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू होऊन बंद पडू लागली. दवाखाने, विद्यापीठे, दुकाने अडकली. दुरुस्ती एकेका यंत्रापाशी जाऊन हाताने करावी लागली.

त्या वेळी मॅकॅफीचे तंत्रप्रमुख जॉर्ज कुर्ट्झ होते. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्यांनी इतरांबरोबर क्राउडस्ट्राइक स्थापन केली.

सुरक्षेची फाइल एकाच वेळी सगळ्यांना पाठवली आणि ती चुकली तर काय होते, याचा पाठ त्या दिवशी उपलब्ध झाला होता.

बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४. १४२ दिवस उरले

क्राउडस्ट्राइकच्या फाल्कन सेन्सरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांसाठी खुली झाली. सेन्सर म्हणजे संगणकावर बसवलेला पहारेकरी प्रोग्रॅम. त्याचा मुख्य भाग विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळा संगणक सांभाळणाऱ्या गाभ्यात, चालतो.

या आवृत्तीत एक नवा साचा होता. विंडोजवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी ज्या मार्गांनी बोलतात, त्यांतल्या एकाला नेम्ड पाइप म्हणतात. हल्लेखोर या मार्गाचा गैरवापर करू लागले होते. तो ओळखण्यासाठी हा साचा. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते: प्रत्येक संदेशाबद्दलच्या २१ गोष्टी तपासता येतील, अशी सोय.

संदेशाची माहिती गोळा करून साच्याच्या हवाली करणारा कोड वेगळा होता. तो २० गोष्टी देत होता.

व्याख्या २१ म्हणत होती, पुरवठा २० चा होता. कोडमधून प्रोग्रॅम तयार होताना हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणारी पायरी नव्हती. प्रोग्रॅम चालू असताना यादी संपली की थांब, असे सांगणारी ओळही नव्हती. दोन्ही बाजूंचा कोड आपापल्या जागी नीट होता. वाचणाऱ्याने एकच बाजू उघडली असती, तर त्याला काही खटकले नसते.

तोच दिवस. कर्नलच्या आत

ही उणीव एखाद्या साध्या प्रोग्रॅममध्ये असती तर हा लेख लिहावा लागला नसता. म्हणून कर्नलविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे.

संगणकाची मेमरी कर्नल पानापानांनी सांभाळतो. नेहमीच्या प्रोसेसरवर एक पान ४,०९६ बाइटचे असते. कोणते पान कोणाचे, ते प्रत्यक्ष कुठे आहे, त्याला कोण हात लावू शकतो, याची नोंदवही कर्नलकडे असते. साध्या प्रोग्रॅमने अस्तित्वात नसलेल्या पानावर वाचायचा प्रयत्न केला, तर कर्नल त्या प्रोग्रॅमला बंद करतो. बाकी संगणक चालू राहतो.

कर्नलच्या आत चालणाऱ्या कोडने तेच केले, तर त्याला आवरणारा वर कोणी नसतो. बिघडलेल्या मेमरीवर पुढे काम चालू ठेवले, तर डिस्कवरची माहितीही नासण्याची भीती असते. म्हणून विंडोज सगळेच थांबवते. निळा पडदा येतो तो यामुळे.

अशा ठिकाणी सावधपणा कसा दिसतो, याचे उदाहरण लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीत आहे. तिच्या कर्नलमध्ये २००६ पासून मेमरीची पाने हलवण्याची सोय आहे. प्रोग्रॅम चालू असताना, त्याला कळू न देता, त्याचे पान एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवायचे. मोठ्या यंत्रात मेमरी प्रत्येक प्रोसेसरजवळ वाटलेली असते. पान दूर पडले की काम मंदावते, म्हणून हा खटाटोप. हा कोड तपासायला बसलेल्या माणसाचे सगळे लक्ष एका प्रश्नावर असते: या पानाचा पत्ता या क्षणी कोणाकोणाच्या हातात आहे?

तो प्रश्न माणसाच्या सावधपणावर सोडलेला नाही. पान हलवण्याआधी कर्नल दोन आकडे काढतो. या पानाचे धारक किती असायला हवेत, हा एक. प्रत्यक्षात किती आहेत, हा दुसरा. आकडे जुळले तर पान हलते. एकाचा जरी फरक निघाला, तर कर्नल मागे फिरतो, थोड्या वेळाने पुन्हा पाहतो आणि साधारण दहा फेऱ्यांनंतर नाद सोडतो. पान होते तिथेच राहते. यंत्राचा वेग किंचित कमी राहतो, पण ते चालू राहते.

कर्नलमध्ये काम करणाऱ्यांनी ही सवय अनुभवाने लावून घेतली आहे. अपेक्षित किती आणि आहे किती, हे दोन्ही आकडे एकाच ठिकाणी आणायचे, जुळले नाहीत तर पुढचे पाऊल टाकायचे नाही. फाल्कनच्या ७.११ आवृत्तीत २१ आणि २० हे आकडे कधीच एका ठिकाणी आले नाहीत.

मंगळवार, ५ मार्च. १३६ दिवस उरले

नव्या साच्याची ताणचाचणी झाली. वेगवेगळ्या यंत्रणांवर, भरपूर भार टाकून. साचा पास झाला.

साचा भरून, कोणत्या रकान्यात काय शोधायचे ते सांगितले की एक नोंद होते. चाचणीतल्या नोंदींमध्ये एकविसाव्या रकान्यात तारांकन होते. तारांकनाचा अर्थ, इथे काहीही असले तरी चालेल. काहीही चालणार असेल, तर तिथे काय आहे हे पाहायची गरज उरत नाही. त्यामुळे कोड एकविसाव्या रकान्यापर्यंत पोहोचलाच नाही.

त्याच दिवशी या साच्यावर आधारलेली पहिली नोंद ग्राहकांच्या संगणकांवर गेली. ज्या फाइलमधून गेली, तिचा क्रमांक २९१. नोंद नीट चालली.

८ ते २४ एप्रिल. १०२ ते ८६ दिवस उरले

आणखी तीन नोंदी गेल्या. तिन्हींच्या एकविसाव्या रकान्यात तारांकन. तिन्ही नीट चालल्या.

आतापर्यंत हा साचा लक्षावधी संगणकांवर सात आठवडे वावरत होता. ज्यांना त्याच्यावर भरवसा ठेवायचा होता, त्यांच्याकडे आता अनुभवाचा दाखला होता. अनुभव मात्र वीस रकान्यांचाच होता.

  कर्नलमधल्या एका रकान्याची बातमी होण्याजोगे काहीच घडले नव्हते.

जून. सुमारे महिना उरला

रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्स ग्राहकांना सूचना दिली. ९.४ आवृत्तीच्या एका ठरावीक कर्नलवर फाल्कन सेन्सर सुरू झाला की कर्नल कोलमडतो. त्यावर तात्पुरता उपायही सांगितला.

तिथले कारण वेगळे होते. दोष लिनक्स कर्नलच्याच एका भागात होता. २९१ क्रमांकाच्या फाइलशी त्याचा संबंध नव्हता. पण एक गोष्ट तिथेही दिसली होती: पहारेकरी कर्नलला इतका चिकटून बसला आहे की एक पडला तर दुसरा त्याच्याबरोबर जातो. लिनक्सची ती यंत्रे थोडी होती. गाजावाजा झाला नाही.

पाच महिन्यांतला एक निर्णय, कचेऱ्याकचेऱ्यांतला

संगणक सांभाळणारी माणसे सावध असतात. सेन्सरची नवी आवृत्ती आली की अनेक संस्था ती लगेच घेत नाहीत. एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहतात. इतरांना काय त्रास होतो ते बघतात आणि मग पुढे सरकतात. क्राउडस्ट्राइकने ही निवड ग्राहकांना दिलेली होती आणि पुष्कळांनी ती वापरली होती.

ही शिस्त सेन्सरच्या आवृत्तीला लागू होती. त्याला मिळणाऱ्या चॅनेल फाइल्सना, म्हणजे २९१ सारख्या नोंदींच्या फाइल्सना, नव्हती. त्या दिवसातून अनेकदा, सर्वांना, एकाच वेळी जात. हल्ल्याची नवी तऱ्हा दिसली की काही मिनिटांत सगळीकडे बंदोबस्त पोहोचावा, हा हेतू होता आणि तो योग्य होता. पण ती फाइल वाचणारा कोड कर्नलमध्ये होता. मायक्रोसॉफ्टकडून तपासून प्रमाणित होऊन येई तो सेन्सर. फाइल त्या तपासणीत येत नसे.

दोन आवृत्त्या मागे राहिलेल्यांनाही १९ जुलैला तीच फाइल मिळाली. जुलैपर्यंत दोन पावले मागची आवृत्तीसुद्धा ७.११ च्या पुढची होती.

बुधवार, १७ जुलै. दोन दिवस उरले

आषाढी एकादशी. त्याच दिवशी मोहरम. महाराष्ट्रात सुट्टी होती, शेअर बाजारही बंद होता. आठवड्याचे काम उरलेल्या दोन दिवसांत ढकलले गेले.

शुक्रवार, १९ जुलै. पहाटे साडेतीनच्या सुमारास. सहा तास उरले

मायक्रोसॉफ्टच्या अझुर या क्लाउड सेवेच्या, अमेरिकेच्या मध्य भागातल्या केंद्रात बिघाड झाला. तिथे साठवलेल्या माहितीपर्यंत काही सेवा पोहोचू शकेनात. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांची उड्डाणे रखडली.

या बिघाडाचा २९१ शी काही संबंध नव्हता. तरीही तो इथे नोंदवायला हवा. सकाळी भारतात पडदे निळे झाले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे काहीतरी बिघडले आहे ही बातमी आधीच फिरत होती. पहिले काही तास अनेकांनी दोन्ही गोष्टी एकच धरल्या आणि चुकीच्या दाराशी उत्तर शोधले.

सकाळी ८ नंतर. दीड तास उरला

मुंबईच्या उत्तरेकडच्या विरार स्थानकातून चर्चगेटच्या जलद लोकल सुटत होत्या. साठ किलोमीटरचा मार्ग. त्यांत विमानतळावर कामाला जाणारे होते, बँकांच्या आतल्या खात्यांतले होते, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कंपन्यांत डेस्कटॉप सपोर्ट करणारी मुलेमुली होती. बंद पडलेल्या संगणकापाशी पहिल्यांदा ज्यांना हाक मारली जाते, ती ही माणसे. त्यांच्यातले बरेच जण विरारच्या बाजूच्या उपनगरांत राहतात, कारण त्यांच्या पगारात घर तिथेच परवडते. या दिवसाच्या वृत्तांतात त्यांची नावे कुठे नाहीत.

ती सकाळ, पाठवण्यापूर्वी

नेम्ड पाइपच्या साच्यासाठी दोन नव्या नोंदी तयार होत्या. कोणतीही नोंद बाहेर जाण्याआधी एक स्वयंचलित तपासनीस ती पाहत असे. त्याने या दोन्ही पाहिल्या आणि पास केल्या.

त्यांपैकी एका नोंदीच्या एकविसाव्या रकान्यात तारांकन नव्हते. तिथे ठरावीक मजकूर होता. तो जुळतो का, ते पाहायला सांगितले होते.

तपासनीसाच्या तर्कात चूक होती. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने आहेत, म्हणजे माहितीही २१ गोष्टींची येईल, असे तो गृहीत धरत होता. त्याने नोंद साच्याशी ताडली. नोंदीत २१ आणि साच्यात २१. दोन आकडे जुळले. जो तिसरा आकडा पाहायला हवा होता, तो त्याच्यासमोर कधी आला नाही.

नोंद एका खऱ्या संगणकावर चालवून पाहण्याची पायरी या वाटेवर नव्हती. मार्चची चाचणी, एप्रिलमधला अनुभव आणि तपासनीसाचा होकार, एवढे पुरेसे मानले गेले. माझ्या मते या सगळ्या घटनाक्रमातली सर्वांत जड जागा हीच आहे. एक विंडोज यंत्र, एक नोंद आणि काही मिनिटे पुरली असती. ते यंत्र पडले असते आणि तेवढ्यावर थांबले असते.

सकाळी ९.३९

फाइल सुटली. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ४ वाजून ९ मिनिटे. पुढे ही फाइल ओळखण्यासाठी लोक हाच वेळेचा शिक्का शोधणार होते.

सिडनीत दुपारचे २ वाजून ९ मिनिटे झाले होते, कामाचा ऐन वेळ. न्यू यॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. जी यंत्रे चालू होती, इंटरनेटला जोडलेली होती आणि ज्यांच्यावर ७.११ किंवा पुढची आवृत्ती होती, त्या विंडोज संगणकांनी फाइल घेतली. मॅक आणि लिनक्सच्या यंत्रांना हिचा त्रास नव्हता.

९.३९ नंतरचा पहिला संदेश

फाइल पोहोचल्याबरोबर यंत्र पडले नाही. विंडोजवर कुठले तरी दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलले की त्याची वर्दी कर्नलमधल्या सेन्सरला मिळते. तशी पुढची वर्दी येईपर्यंत सर्व ठीक होते. चालत्या संगणकावर ती यायला वेळ लागत नाही.

वर्दी आली. सेन्सरने संदेशाच्या २० गोष्टी गोळा केल्या आणि नोंद उघडली. नोंदीने एकविसावी मागितली.

विरारच्या सोसायट्यांत जिन्याखाली टपालपेट्यांची फळी असते. वीस घरे, वीस पेट्या. एकविसाव्या पेटीतले पत्र आण म्हटले, तर माणूस परत येऊन सांगेल की अशी पेटीच नाही. संगणक तसे सांगत नाही. तो विसाव्या पेटीपुढे एका पेटीएवढे अंतर हात नेतो आणि जे लागेल त्यालाच पत्र समजतो.

हाताला जे लागले, ते सेन्सरने मेमरीचा पत्ता म्हणून वाचले. त्या पत्त्यावर वाचण्याजोगे पान नव्हते. प्रोसेसरने कर्नलला खबर दिली. कर्नलने पाहिले की मागणारा कर्नलच्याच आतला आहे. विंडोज थांबले.

९.४० ते १०.५७

पडलेले यंत्र स्वतःहून पुन्हा सुरू होई. क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच्या पहिल्या काही टप्प्यांत चढतो, कारण हल्लेखोराच्या आधी पहारेकरी जागेवर हवा. तो चढला की २९१ ची फाइल वाचे. ती डिस्कवर बसलेली होतीच. पुढची वर्दी येई. यंत्र पुन्हा पडे.

ऑस्ट्रेलियात दुकानांचे गल्ले थांबले, विमानतळांचे फलक गेले. भारतात कचेरीत आलेल्यांनी संगणक सुरू केले आणि निळा पडदा पाहिला. ज्याला यंत्र रात्रभर चालू ठेवायची सवय होती, त्याचे यंत्र तो येण्याआधीच पडले होते. जो त्या दिवशी अकरानंतर आला आणि ज्याने मग संगणक सुरू केला, त्याचा वाचला.

१०.५७

क्राउडस्ट्राइकने चूक ओळखून जुना मजकूर परत आणला. जागतिक वेळ ५ वाजून २७ मिनिटे. यापुढे जोडल्या जाणाऱ्या यंत्रांना योग्य फाइल मिळू लागली.

पडलेल्या यंत्रांना ती मिळेना. फाइल इंटरनेटवरून यायची. इंटरनेट जोडले जाण्याआधी किंवा जोडले जाता जाता यंत्र पडत होते. काही यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू करत राहिले की एखाद्या वेळी नेटवर्क आधी पोहोचे आणि फाइल बदले. मायक्रोसॉफ्टने काही ग्राहकांच्या क्लाउडवरील यंत्रांसाठी हाच सल्ला दिला. पंधरा वेळांपर्यंत प्रयत्न करावे लागल्याचे सांगितले.

७८ मिनिटे संपली होती. पसरायचे ते पसरून झाले होते.

दुपार

इंडिगो, मुंबईची आकासा एअर, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस. तिकीटनोंदणी आणि चेक-इनच्या व्यवस्था थांबल्या. आकासाने कळवले की चेक-इन हाताने होत आहे, प्रवाशांनी लवकर यावे. विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहिले जाऊ लागले. इंडिगोने १९२ उड्डाणे रद्द केली.

संगणक आपत्तींवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने या घटनेला गंभीरतेची सर्वांत वरची श्रेणी दिली आणि उपाय प्रसिद्ध केला. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले की सरकारी एनआयसी जाळ्याला धक्का लागलेला नाही. रिझर्व्ह बँकेने आढावा घेतला: दहा बँका आणि वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडथळे. बहुतेक बँकांच्या मुख्य यंत्रणा क्लाउडवर नव्हत्या आणि क्राउडस्ट्राइकचे साधन थोड्याच बँका वापरत होत्या.

ब्रिटनमध्ये सकाळी स्काय न्यूजचे थेट प्रक्षेपण बंद पडले. तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात. अमेरिकेत दिवस उजाडला तेव्हा डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सची विमाने जमिनीवर थांबवलेली होती. बोस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम रुग्णालय समूहाने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या. अलास्कात आपत्कालीन ९११ क्रमांक अनेक ठिकाणी लागत नव्हता.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास

जॉर्ज कुर्ट्झ यांनी एक्सवर लिहिले: हा सायबर हल्ला नाही, विंडोजसाठीच्या एका मजकुरात दोष होता, तो सापडला आहे, दुरुस्ती पाठवली आहे. फाइल सुटून साडेपाच तास झाले होते.

संध्याकाळ आणि रात्र

दुरुस्ती सोपी होती आणि ती एकेक करूनच करायची होती. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे. विंडोजच्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरात जाऊन क्राउडस्ट्राइकचे फोल्डर उघडायचे. ज्या फाइलच्या नावात २९१ आहे ती पुसायची. यंत्र पुन्हा सुरू करायचे.

अनेक संस्थांनी डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद केल्या होत्या. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. आता सेफ मोडला जायला प्रत्येक यंत्राची ४८ आकड्यांची किल्ली हवी होती. ती टंकायची, एकही आकडा न चुकता. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोच सर्व्हर निळा पडला होता.

दूरवरून हे करता येत नव्हते. यंत्रापाशी माणूस उभा राहायला हवा होता. ज्या कंपन्यांनी पन्नास जागांची यंत्रे एका खोलीतून सांभाळायची म्हणून माणसे कमी केली होती, त्यांना आज पन्नास जागी माणसे पाठवायची होती. हे काम सपोर्टच्या लोकांनी केले, शुक्रवारची रात्र आणि पुढचा शनिवार-रविवार घालून. सकाळच्या विरार लोकलने गेलेल्यांपैकी किती जण शेवटच्या गाडीने परतले आणि किती जण तिथेच राहिले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ठेवायला हवी होती, असे मला वाटते. विमाने उडाली ती त्यांच्या जागरणावर.

शनिवार, २० जुलै. पहाटे ३

नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी नंतर कळवले की पहाटे तीनपासून देशातल्या विमानतळांवर विमान कंपन्यांच्या यंत्रणा नेहमीसारख्या चालू लागल्या. फाइल सुटल्याला १७ तास २१ मिनिटे झाली होती.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ८५ लाखांचा अंदाज प्रसिद्ध केला. विंडोजच्या एकूण यंत्रांपैकी हे एक टक्क्याहून कमी. पण क्राउडस्ट्राइकचे साधन रुग्णालये, विमानतळ, बँका अशा ठिकाणीच अधिक होते, कारण सुरक्षेची सर्वांत जास्त काळजी त्यांनाच असते. डेल्टाला सावरायला आणखी पाच दिवस लागले. तोवर तिची सुमारे ७,००० उड्डाणे रद्द झाली.

गुरुवार, २५ जुलै

सेन्सरच्या त्या कोडमध्ये एक तपासणी घालण्यात आली. कोणताही रकाना वाचण्याआधी, यादीत तितक्या गोष्टी आहेत का ते पाहायचे. नसतील तर वाचायचे नाही. दोन दिवसांनी, २७ जुलैला, प्रोग्रॅम तयार होतानाच साच्याचे रकाने आणि पुरवलेल्या गोष्टी यांचे आकडे ताडण्याची सोय आली. नेम्ड पाइपचा साचा २१ गोष्टी मागत होता, त्याला त्यानंतर २१ मिळू लागल्या.

६ ऑगस्टला कंपनीने मूळ कारणांचा अहवाल जाहीर केला. त्यात सहा निष्कर्ष होते: तयार होताना आकडे ताडले नाहीत, चालताना सीमा पाहिली नाही, चाचणीत तारांकनापलीकडचे मजकूर नव्हते, तपासनीसाचा तर्क चुकला, नोंद खऱ्या अर्थाने चालवून पाहिली नाही आणि ती टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्वांना एकदम पाठवली. यांपैकी कोणताही एक अडसर जागेवर असता, तर १९ जुलैचे संकट टळले असते किंवा मोजक्या यंत्रांवर थांबले असते.

सीमा पाहणारी ती तपासणी ७.११ आणि त्यानंतरच्या सर्व विंडोज आवृत्त्यांमध्ये घालायचे काम ९ ऑगस्टपर्यंत पुरे करायचे होते.